कीवर्डच्या आधी नोइंडेक्स तपासा
नवी साइट गूगलवर दिसत नाही म्हणून कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) वाढवा, असा सल्ला कुणीतरी दिलाय. मला ते पटत नाही. आधी सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) पानाचा पत्ता टाकून ते इंडेक्स झालंय का, म्हणजे गूगलच्या यादीत आलंय का, बघा. साइट बनवताना लावलेला नोइंडेक्स टॅग, म्हणजे ‘हे पान निकालात दाखवू नका’ ही पानातली सूचना, बऱ्याचदा काढायचा राहून जातो. भावाच्या दुकानाच्या साइटवर आमचं हेच झालं होतं.

आणि कृपा करून जुनी पानं लपवायला रोबोट्स डॉट टीएक्सटीत (साइटवरचं काय वाचायचं हे शोधयंत्रांना सांगणारी फाइल) डिसअलाउ, म्हणजे ‘हे वाचू नका’, असं लिहू नका. तसं लिहिल्यावर गूगलबॉट (पानं वाचणारा गूगलचा प्रोग्राम) ते पान वाचत नाही हे खरं, पण दुसरीकडून लिंक असेल तर नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. शिवाय पान वाचलंच नाही, तर त्यातला नोइंडेक्स त्याला कळणार कसा? त्या फाइलमध्येच नोइंडेक्स लिहिलेलं तर गूगल १ सप्टेंबर २०१९ पासून मानत नाही.