मदत हवी आहे: रक्त पातळ करायच्या गोळीसोबत वनौषधी चूर्ण

नमस्कार मंडळी,

सासूबाईंच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, म्हणून वॉरफॅरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) २ ते ३ मध्ये राहायला हवा, पण अलीकडे तो एकदा खाली, एकदा वर असं चाललंय. सांधेदुखीसाठी त्या एक वनौषधी चूर्णही घेतात. त्याने त्यांना खरोखर आराम पडतो, त्यामुळे 'बंद करा' म्हणून विषय संपत नाही.

डब्यावर ठळक अक्षरांत '१०० टक्के नैसर्गिक'. मागे बारीक अक्षरांत तीन वनस्पती आणि पुढे 'इत्यादी'. आमचं घोडं या 'इत्यादी'पाशी अडलंय.

झाडपाल्याच्या औषधांवर माझा राग नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच मिळालं, त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने यकृतातली औषधाचा निचरा करणारी एन्झाइमं वाढतात आणि वॉरफॅरिनचा असर घटतो, हेही तितकंच खरं. अशी वनस्पती एकदम थांबवली तर उलट रक्त जास्त पातळ होऊ शकतं. म्हणून डबा परस्पर फेकून द्यायचीही भीती वाटते. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या औषधात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही मूत्रपिंडाला घातक वनस्पती गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणजे नाव बरोबर छापलेलं असलं तरी आत तेच आहे, हे कुणीतरी तपासायला हवं.

नोंदणी बघावी म्हटलं, तर युरोपियन युनियनच्या वनौषधींबद्दलच्या २००४ च्या नियमात ३० वर्षांचा वापर (त्यातली साधारण १५ युनियनमधली) दाखवला की 'पारंपरिक' म्हणून नोंदणी होते. दर्जा तपासतात, गुण मात्र चाचण्यांनी सिद्ध करावा लागत नाही. मला हे पटतं, फक्त ते डब्यावर घेणाऱ्याला कळेल असं लिहायला हवं.

औषधनिर्माण किंवा नियमनात काम करणारं कुणी इथे आहे का? उत्पादकाकडून पूर्ण घटक आणि जड धातूंचा तपासणी अहवाल मागायचा तर नेमकं काय लिहून मागावं? ते देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं का? आणि डॉक्टर व वैद्य दोघांनाही एकच कागद दाखवायचा आहे, त्यावर मात्रा, वेळ, आयएनआरचे आकडे यांखेरीज आणखी काय असावं? पुढच्या तपासणीआधी तो तयार करायचाय.