चिक चॉकलेट: नुसते सहायक की सहनिर्माते?

अनुष्टुप (धागाकर्ता)
गोव्यातील हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेले जॅझ ट्रम्पेटवादक आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांची ओळख आजही अमेरिकी ट्रम्पेटवादकाच्या नावावरून दिलेल्या 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' या एका बिरुदावर आटोपली जाते. मसुरी, रंगून आणि कलकत्ता येथील हॉटेलांत वाजवून ते मुंबईच्या ताजमध्ये स्वतःचा बँड घेऊन स्थिरावले, १९४० च्या दशकात त्यांच्या तबकड्या निघाल्या, आणि पुढे ते चित्रपट-संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. माझे स्पष्ट मत असे, की 'अलबेला'सारख्या (१९५१) चित्रपटाच्या संगीतात त्यांचा वाटा सहनिर्मात्याचा होता आणि 'सहायक' या शब्दाने तो झाकला गेला. त्या काळी संगीतकार चाल पेटीवर ऐकवत असे. तिच्या आधीचे आणि कडव्यांमधले वाद्यसंगीत रचणे, प्रत्येक वाद्याचा कागद स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) स्वतंत्र लिहिणे, ही वाद्ये लिहिल्यापेक्षा खालच्या स्वरात वाजतात म्हणून ट्रम्पेटचा स्वर कागदावर एक पूर्ण स्वराने वर आणि आल्टो सॅक्सोफोनचा त्याहूनही वर मांडणे, हे काम चर्चच्या संगीतशाळांत घडलेल्या गोवेकर वादकांकडे असे. 'अलबेला'तील 'शोला जो भडके'मधून ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि बोंगो काढून टाका आणि उरते काय ते ऐका.

तारसप्तक
उरते ती चाल, आणि ती मी आजही गुणगुणू शकतो. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, विनायकबुवा पटवर्धनांकडे गाण्याचे शिक्षण घेतले होते. त्याच 'अलबेला'त 'धीरे से आजा री अँखियन में' ही पिलू रागाच्या अंगाची अंगाई आहे, आणि दोन वर्षांनी त्यांचाच 'अनारकली' आला. एवढा मोठा पल्ला एकाच डोक्यातून आला आहे. 'शोला जो भडके' तर त्यांनी लताबाईंबरोबर स्वतः गायले. वाद्यसंयोजकाचे ऋण मानावे, मात्र घराचा नकाशा काढणारा आणि गिलावा करणारा यांना एकाच ओळीत बसवू नये.

अनुष्टुप
चाल हीच गाण्याची मालकी ठरवते, असे तुम्ही म्हणता. मग 'समाधी'तील (१९५०) 'गोरे गोरे ओ बाँके छोरे'चे काय करायचे? ती चाल लॅटिन नृत्यसंगीताचे बँडप्रमुख एडमुंडो रॉस यांनी सादर केलेल्या 'चिको चिको'वरून घेतलेली आहे. तिथे रामचंद्रांचे कर्तृत्व नेमके कशात शोधायचे, तर हिंदी शब्दांभोवती उभ्या केलेल्या साजात. आणि तोच साज दुसऱ्याने उभा केला की त्याला गिलावा म्हणायचे, हे मला पटत नाही. संयोजनाला एका ठिकाणी निर्मिती मानले, तर सगळीकडेच मानावे लागेल.

तारसप्तक
'गोरे गोरे'चा मुद्दा मान्य, तेथे माझा निकष अपुरा पडतो. तरीही कोणता तुकडा कोणी रचला याची नोंद नसताना सहसंगीतकार हे पद बहाल करणे म्हणजे एक अन्याय दूर करताना दुसरा करणे होय. चिक यांनी 'नादान' या चित्रपटाला (१९५१) स्वतंत्र संगीतही दिले. संगीतकार म्हणून त्यांचे माप काढायचे असेल तर आधी ते काम ऐकू या.

कोकणकडा
तुम्हा दोघांचाही वाद चित्रपटाच्या अंगणातच चालला आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. जॅझ वादकाची खरी निर्मिती त्या रात्री, त्या मंचावर, मूळ सुरावट ऐकवून झाल्यावर तो आपल्या मनाने जे वाजवतो त्यात असते. चिक यांच्या आयुष्यातल्या अशा असंख्य रात्री ध्वनिमुद्रित झाल्याच नाहीत. मुंबईत दारूबंदी आली, रात्रीच्या मैफलींचा धंदा बसला, आणि स्टुडिओतले काम ही अनेक वादकांची गरज बनली. त्या रोजीरोटीच्या कामालाच आपण त्यांची कारकीर्द समजून बसलो आहोत. 'अलबेला'तील 'दीवाना परवाना' या गाण्यात झालरीच्या बाह्यांचा सदरा घालून ते पडद्यावर ट्रम्पेट वाजवताना दिसतात, म्हणून चित्रपटाच्या प्रेक्षकाला त्यांचा चेहरा तरी ठाऊक आहे. शेजारी बसून वाजवणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो?

अनुष्टुप
कोकणकडा यांचे म्हणणे अर्धेच स्वीकारतो. रोजीरोटीसाठी केलेले काम कमी अस्सल असते, हे मला मान्य नाही. आर्मस्ट्राँगही आयुष्यभर पोटासाठीच वाजवत होते. चिक १९६७ साली, पन्नाशीच्या आसपास गेले. तबकड्यांवर आणि चित्रपटांत जे शिल्लक आहे, त्यावर त्यांचे नाव योग्य जागी लिहावे, एवढाच माझा आग्रह आहे, आणि तारसप्तक यांना हवी असलेली नोंद त्या काळच्या वादकांच्या घरी उरलेल्या नोटेशनच्या वह्यांतच मिळण्याची शक्यता आहे.