मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांना इंग्रजी विशेषणं कशी शिकवावीत?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. मुलं मराठी माध्यमाची, तिसरी-चौथीतली. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे बिग, स्मॉल, रेड, टॉल हे शब्द सगळ्यांना येतात. 'ॲडजेक्टिव्ह म्हणजे काय?' विचारलं की 'नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द' असं एका सुरात उत्तर मिळतं. अडतं ते त्यापुढे.

'विशेषण अधोरेखित करा' या प्रश्नावर मुलांनी स्वतःच एक युक्ती काढली आहे. नाम हुडकायचं आणि त्याच्या आधीच्या शब्दाखाली रेघ मारायची. 'अ बिग डॉग'मध्ये ती चालते. 'द टी इज हॉट' आलं की रेघ 'द'खाली!

बोलताना आणखी गमती. 'स्मॉल स्मॉल बॉईज', 'हॉट हॉट टी', 'रेड कलर बॉल'. एक जण 'बिग्ज डॉग्ज' लिहितो. त्याच्या डोक्यात मोठा कुत्रा, मोठे कुत्रे हा हिशोब आहे, त्यामुळे रागवावंसंही वाटत नाही. 'ॲन ॲपल' इतकं पक्कं पाठ आहे की मधे रेड आला तरी 'ॲन रेड ॲपल'च.

विचारायचं असं, की व्याख्या आधी द्यावी की नंतर? (पालक वही उघडून बघतात, हीही एक अडचण.) 'बिग रेड बॉल' बरोबर आणि 'रेड बिग बॉल' चूक, हे या वयाला कसं सांगायचं? मोठ्यांच्या पुस्तकात मत, आकारमान, वय, घडण, रंग अशी लांबलचक उतरंड असते, ती यांच्यापुढे ठेवायची माझी हिंमत नाही. प्रिंटर नाही, प्रोजेक्टर नाही. मुलं पंधरा-वीस.

प्रतिसाद

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. व्याख्या शेवटी, आणि तीही मुलांकडूनच काढून घ्या. पालकांसाठी महिनाअखेरीस वहीत लिहा, बिघडत नाही.

मुळात मुलाला विशेषणाची गरज पडली पाहिजे. टेबलावर एकच खडू असेल तर 'गिव्ह मी द चॉक' पुरतं, 'लाँग' कशाला म्हणेल तो? दोन ठेवा, एक लांब, एक तुकडा. आता शब्द वापरल्याशिवाय हवा तो खडू मिळत नाही. तसंच पानांचं, पेन्सिलींचं. एकाने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं, चुकीचं मिळालं तर पुन्हा मागायचं. तुम्ही मधे बोलू नका.

क्रमासाठी शिवणाच्या डब्यातली बटणं घ्या. मोठी लाल, लहान लाल, मोठी निळी, लहान निळी. आता एका शब्दाने भागत नाही. तुम्ही प्रत्येक वेळी 'द बिग रेड बटन' असंच म्हणा, आधी आकार मग रंग. कानाला सवय झाली की 'रेड बिग' त्यांनाच खटकतं. तिसरीला एवढे दोनच प्रकार पुरेत. उतरंड माध्यमिकला बघतील.

प्रतिसाद

गुरुजींशी सहमत, पण एक सावधगिरी. विरुद्धार्थी जोड्यांचे दोन्ही शब्द नवीन असतील तर ते एकाच दिवशी देऊ नका. शब्दसंग्रहावर काम केलेले न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी हे लिहिलंय: दोन्ही एकदम शिकवले की कुठला कोणता यातच गोंधळ होतो. बिग-स्मॉल तुमच्या मुलांना येतातच, ते चालतील. पण वाइड-नॅरो, थिक-थिन यातला एक आधी मुरू द्या.

'द'खालच्या रेघेवर उपाय मराठीतच आहे. 'चहा गरम आहे' यात विशेषण कोणतं विचारा, 'गरम' सांगतील. जागा न बघता 'कसा? कशी? कसं?' विचारायची सवय लावा, मग 'हॉट' सापडतो.

प्रतिसाद

'बिग्ज'वाल्या पठ्ठ्यासाठी: मराठीतलीही सगळी विशेषणं बदलत नाहीत. लाल चेंडू, लाल गाडी, लाल फुलं, 'लाल' तसाच. त्याला सांगा, इंग्रजीतली विशेषणं सगळी 'लाल'सारखी, 'मोठा'सारखं एकही नाही. माझ्या भाचीला हे एका झटक्यात पटलं.

ॲनसाठी नामाकडे बघू नये. लगेच पुढच्या शब्दावर बोट ठेवायचं आणि त्याचा पहिला आवाज ऐकायचा. अ मॅन, पण ॲन ओल्ड मॅन. ॲन ॲपल, पण अ रेड ॲपल.

प्रतिसाद

शाळेचं पुस्तक आधी बघून घ्या. जुन्या व्याकरणात माय, धिस, टू हीसुद्धा विशेषणंच, नव्यात त्यांचा वेगळा गट करतात. तुम्ही एक सांगायचं आणि परीक्षेत दुसरं, असं झालं तर मार्क मुलांचे जातात.

मूळ लेखिका

सर्वांचे आभार! बटणांचा डबा सासूबाईंकडून मागून घेतलाय. 'हॉट हॉट'चं मात्र कुणीच बोललं नाही. 'व्हेरी हॉट' म्हणायला लावलं तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, 'हॉट हॉट'ला चालेल, कारण 'गरम गरम' म्हणताना आपण बहुतेक जोरच देत असतो. 'स्मॉल स्मॉल बॉईज'ला नाही चालणार. 'लहान लहान मुलं' म्हणजे फार लहान असं नाही, बरीच मुलं आणि सगळीच लहान. तिथे नुसतं 'स्मॉल बॉईज', अनेकवचनाचं काम 'बॉईज'मधला शेवटचा आवाज करतो. 'रेड कलर बॉल'मधला कलरही बटणांच्या खेळात आपोआप गळेल. घाईत मागताना कोण एवढं लांब बोलतंय!