तोफेत बसून चंद्रावर: आतली माणसं जिवंत कशी राहिली?

वरणफळ:
सुट्टीत लेकीला भा. रा. भागवतांचं 'चंद्रावर स्वारी' वाचून दाखवतोय, ज्यूल व्हर्नच्या 1865 च्या कादंबरीवरून केलेलं. मी लहानपणी निमूट वाचलेलं, पण ही 9 वर्षांची कार्टी म्हणते, बाबा तोफेतनं उडवलं तर आतल्या माणसांचा चेंदामेंदा नाही का होणार? मी म्हटलं गोष्ट आहे गं ती. तिला पटलं नाही, खरं तर मलापण नाही. व्हर्न म्हणे सगळं गणित करून लिहायचा, मग एवढी साधी गोष्ट सुटली कशी? आणि चंद्रावर जायची ही पहिलीच गोष्ट का?

मास्तर_रिटायर्ड:
लेकीला माझ्याकडून एक पेढा द्या. तोफ 900 फूट, वेग सेकंदाला 12,000 यार्ड म्हणजे जवळपास 11 किमी, वेग बरोबरच आहे, पृथ्वीची ओढ तोडायला साधारण तेवढाच लागतो. पण तो 274 मीटरात, सेकंदाच्या विसाव्या भागात गाठायचा म्हणजे अंगावर स्वतःच्या वजनाच्या 22 हजार पट भार. लढाऊ विमानाचा पायलट 9 पटीला टेकीला येतो. व्हर्नला शंका आलेली हो, म्हणून तर यानाच्या तळाशी पाण्याचे थर ठेवलेत दणका झेलायला. त्या पाण्याने काय होतंय, डोंबल!

बाकी फ्लोरिडातनं उड्डाण, तिघे प्रवासी, पॅसिफिकमध्ये उतरणं, अपोलो 11 शी हे जुळतं म्हणून लोक नाचतात. पण व्हर्नला फ्लोरिडा हवा होता कारण चंद्र बरोबर डोक्यावर यायला विषुववृत्तापासून 28 अंशाच्या आतली जागा पाहिजे होती, नासाला पूर्वेला मोकळा समुद्र आणि पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा पाहिजे होता. कारणं वेगळी.

खिडकीपाशी:
पहिली अजिबात नाही. केप्लर, हो तोच ग्रहांच्या कक्षावाला, त्याने 'सोम्नियम' 1609 च्या आसपास लिहिलं, छापून आलं तो गेल्यावर 1634 ला. त्यात चंद्रावर नेणारं पिशाच्च आहे पण तपशील बघा, निघतानाचा झटका तोफेच्या दारूने उडवल्यासारखा म्हणून माणसाला आधी अफू देऊन झोपवायचं, हातपाय असे ठेवायचे की दणका सगळ्या अंगावर वाटला जाईल, वर हवा नाही म्हणून नाकाशी ओले स्पंज. वरणफळ, तुमच्या लेकीचा प्रश्न केप्लरला व्हर्नच्या अडीचशे वर्षं आधी पडला होता!

गोष्टीतल्या नायकाची आई जडीबुटी विकणारी, पिशाच्चाला बोलावणारी. पुढे केप्लरच्या खऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला झाला, 14 महिने कैदेत होती बिचारी, 1621 ला सुटली. हस्तलिखित आधीच बाहेर फिरलं होतं, त्यानेच घात केला असं केप्लरला वाटायचं.

दुपारचा_चहा:
त्याच्याही आधी दुसऱ्या शतकात ग्रीक लेखक लुशियनची गोष्ट आहे की, वावटळ जहाज उचलते, सात दिवस सात रात्री वर जातं, आठव्या दिवशी चंद्र, आणि तिथे चंद्राचा राजा आणि सूर्याचा राजा यांची लढाई चाललेली. पण तो सुरुवातीलाच सांगतो की हे सगळं खोटं आहे, त्यामुळे मी त्याला मोजत नाही. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्सने 1901 ला तर कटकटच मिटवली, गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थच कल्पून टाकला. त्यावर व्हर्न वैतागलेला, मी विज्ञान वापरतो, हा तर थापा मारतो अशा अर्थाचं काहीतरी.

मास्तर_रिटायर्ड:
स्पंज वाचून मजा आली. व्हर्नची अजून एक गंमत, पुढच्या भागात मेलेलं कुत्रं यानातनं बाहेर टाकतात तर ते मागे न पडता शेजारूनच चालत राहतं, हे अगदी बरोबर. पण मग आतली माणसंही तशीच तरंगायला हवीत ना, ती मात्र पृथ्वी आणि चंद्राची ओढ सारखी होते तेवढ्याच जागी तरंगतात. उत्तर खिडकीबाहेर दिसत होतं आणि व्हर्नबाबाला दिसलं नाही.

वरणफळ:
धन्यवाद मंडळी. अफूचं सांगितलं तर म्हणाली मग त्यांना खिडकीतनं काहीच दिसलं नसेल, काय उपयोग. कुत्र्याचं अजून सांगितलेलं नाही, आमच्याकडे मोती आहे.