1998 च्या एक रुपयावरील बारीक रेघ: टांकसाळीतील चूक म्हणून तिला काही मोल आहे का?

देवघरातला_डबा (प्रश्न)

आजोळच्या देवघरातील डब्यात 1998 सालचे पोलादी एक रुपयाचे नाणे सापडले. सालाखाली नोएडा टांकसाळीचा गोल ठिपका आहे. मूल्याच्या बाजूस उजव्या कणसाच्या टोकापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ गेलेली आहे आणि नाणे उलटले असता मागची सिंहमुद्रा किंचित कललेली वाटते. समाजमाध्यमांवर अशा नाण्यांचे भाव लाखांत सांगितले जातात, त्यामुळे घरातील मंडळी हरखून गेली आहेत. मला मात्र शंका आहे. ही चूक खरोखर टांकसाळीतील आहे का, आणि असल्यास तिची किंमत कशी ठरवावी?

खणखणीत

प्रथम रेघ उठावाची आहे की खोलगट, हे पाहावे. दिवा बाजूने तिरपा धरून भिंगातून पाहिले की ते कळते. ठशाला, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या साच्याला, तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच उमटते. खोलगट असेल, तर तो नंतर पडलेला ओरखडा समजावा. पोलाद कठीण असल्यामुळे या नाण्यांचे ठसे तडकणे नवलाचे नाही, आणि तडकलेला ठसा बदलेपर्यंत त्यातून निघणारे प्रत्येक नाणे तीच रेघ घेऊन बाहेर पडते. त्यामुळे अशी नाणी मुबलक आहेत.

कललेपणासाठी नाणे वर आणि खाली चिमटीत धरून फिरवावे. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसायला हवी. दहा-पंधरा अंशांच्या फरकाकडे संग्राहक फारसे लक्ष देत नाहीत. पाव फेरा किंवा पूर्ण उलटी बाजू असेल, तर मागणी असते. वजनही करून कळवावे. या नाण्याचे प्रमाणित वजन 4.85 ग्रॅम आहे.

कवडी_दमडी

वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक गोष्ट जोडतो. भाव ठरतो तो चूक किती दुर्मीळ आहे यापेक्षा ती हातभर अंतरावरून दिसते का, यावर. ज्याला आपण ‘लक्खी’ म्हणतो, त्या नाण्यात आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट छाप उमटते; ते पाहताच कोणीही थबकतो. छाप अर्धी बाहेर सरकलेल्या नाण्याचेही तसेच आहे. भिंगाशिवाय न दिसणाऱ्या रेघेसाठी पदरचे पैसे मोजणारे विरळाच.

माझीही एकदा फसगत झाली. एका प्रदर्शनात मी दहा रुपयांचे द्विधातू नाणे चांगल्या किमतीला घेतले, कारण त्याच्या मधल्या चकतीच्या बाजू अदलाबदल झालेल्या होत्या. घरी आल्यावर लक्षात आले की बाहेरचे कडे आणि मधली चकती यांवर छाप एकाच आघातात उमटते. म्हणजे छापलेली चकती टांकसाळीत उलटी बसणे शक्यच नव्हते. कोणीतरी ती ठोकून काढून उलटी बसवली होती आणि सांध्यापाशी हत्याराच्या खुणाही होत्या. म्हणून हा दोष यंत्रात नेमका कोणत्या टप्प्यावर घडू शकतो, हे विचारण्याची सवय तेव्हापासून मी लावून घेतली आहे.

देवघरातला_डबा

सराफाच्या काट्यावर वजन 4.83 ग्रॅम भरले. रेघ उठावाची आहे. कल घड्याळाचा तासकाटा अर्ध्या तासात सरकतो साधारण तितका, म्हणजे पंधरा अंशांच्या आसपास आहे. एका गृहस्थांनी फोनवर दोन लाख रुपये देऊ केले आहेत, मात्र आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले आहे.

खणखणीत

ते शुल्क मुळीच भरू नये. जुनी नाणी आणि नोटा यांच्या व्यवहारांत शुल्क वा कमिशन उकळणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे. आपले नाणे अस्सल आहे आणि दोषही खरा आहे, परंतु विकल्यास जेमतेम चहापाण्याचे पैसे सुटतील. संग्रहात मात्र ते अवश्य ठेवावे, आणि कृपा करून घासू नये, कारण घासलेल्या नाण्याकडे संग्राहक पाहतही नाहीत.

देवघरातला_डबा

आभारी आहे. परवाच मामीने ते तारेच्या घासणीने लख्ख केले.