दहा लेंथ पुढे गेलेला घोडा: सोडायचा की धरायचा?

फर्लांग (धागाकर्ता)

काल रात्री २०२० ची एप्सम डर्बी, म्हणजे इंग्लंडमधली दीड मैलाची मोठी घोड्यांची रेस, पुन्हा लावून बसलो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ४ जुलै २०२०, कोविडमुळे स्टँड रिकामे, सोळा घोडे. सर्पेंटाइन नावाचा २५ ला १ भावाचा (म्हणजे एका रुपयाला पंचवीस, कोणाला फारशी आशा नसलेला) घोडा. आठवडाभरापूर्वीच आयर्लंडमध्ये त्याने आयुष्यातली पहिली रेस जिंकली होती. त्याच्यावर जॉकी एमेट मॅकनमारा. सुरुवातीच्या चढावरच तो पुढे निघाला, टॅटनहॅम कॉर्नर या शेवटच्या वळणापाशी मागच्या झुंडीला दहा-बारा लेंथने (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे टाकून आला आणि साडेपाच लेंथने जिंकला. मागे कोण होतं? मोगलवर रायन मूर, इंग्लिश किंगवर फ्रँकी डेट्टोरी, कामेकोवर ऑइशीन मर्फी. तेव्हा यापेक्षा वरचे जॉकी इंग्लंडात शोधून सापडले नसते. आणि कोणीही जागचं हललं नाही.

"मॅकनमाराने कमाल केली" एवढं म्हणून लोक थांबतात. कमाल केलीच, पण ती रेस मागच्यांनी हातची घालवली असं माझं ठाम मत आहे. पुढचा घोडा किती लांब आहे हे त्यांनी पाहिलं, तो किती वेगात पळतोय हे पाहिलं नाही. दहा लेंथचं अंतर दोन कारणांनी पडतं. पुढचा जीव तोडून पळत असेल, किंवा मागचे रेंगाळत असतील. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं.

निकाल बघा. पहिला सर्पेंटाइन. दुसरा खलिफा सॅट, ५० ला १. तिसरा अमरान ना वियान, ६६ ला १. हे तिघं जवळजवळ पूर्ण रेस पहिल्या तिघांतच होते. पुढचा वेग खरंच जीवघेणा असता तर हे दोघं शेवटच्या दोन फर्लांगांत (एक फर्लांग म्हणजे साधारण २०० मीटर) कोसळले असते. कोसळले नाहीत. म्हणजे पुढे वेग बेताचाच होता आणि मागे सगळे झोपले होते.

कोरेगावकर

सहमत नाही. घरी बसून, निकाल माहीत असताना हे म्हणणं सोपं आहे.

मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. धरायला जायचं कोणी? समजा मूर सहा फर्लांग उरले असताना उठला, म्हणजे घोड्याला जोर लावून निघाला. तो पुढच्याला गाठेल, पण गाठताना स्वतःच्या घोड्याचा दम खर्च करेल. त्याच्या पाठीला चिकटून डेट्टोरी आणि मर्फी आयते वर येतील आणि शेवटच्या फर्लांगात त्यालाच मारून जातील. ज्याने रेस वाचवली तो चौथा, बाकीच्यांची चांदी. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. याला झोपणं म्हणत नाहीत. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता, सगळ्यांचा मिळून चुकला.

आणि धरायला गेलेल्याचं काय होतं तेही बघा. १९७३, अमेरिकेतली बेलमाँटची रेस. सेक्रेटेरियट या घोड्यासोबत शॅम हा घोडा पहिल्यापासून भिडला. सहा फर्लांग १ मिनिट ९.८ सेकंदांत, तेही दीड मैलाच्या रेसमध्ये! शॅमवर लाफिट पिंके होता, ऐरागैरा नव्हे. शॅम तिथेच संपला आणि पाचांत पाचवा आला. सेक्रेटेरियट ३१ लेंथने जिंकला, वेळ २ मिनिटं २४ सेकंद. त्याच्यावरचा रॉन टर्कॉट शेवटी मान वळवून घड्याळाचा बोर्ड बघत होता, कारण मागे बघायला कोणी उरलंच नव्हतं. त्या दिवशी ट्वाइस अ प्रिन्स आरामात मागे बसून दुसरा आला. पाठलाग न करणाऱ्याला दुसरा नंबर, करणाऱ्याला शेवटचा.

फर्लांग

कोरेगावकर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सेक्रेटेरियट खरोखर वेगात होता, १:०९.८ हा आकडाच ते सांगतो. अशा घोड्याला सोडून द्यायचं हे मलाही मान्य आहे. मी म्हणतो ते एवढंच की सोडायचं की धरायचं हे घड्याळावर ठरवा, अंतरावर नको. अमेरिकन जॉकींच्या डोक्यात ते घड्याळ लहानपणापासून बसवलेलं असतं. १९७८ मध्ये अफर्म्ड या घोड्यावर ट्रिपल क्राउन (अमेरिकेतल्या तीन मोठ्या रेस एकाच वर्षी) जिंकणारा स्टीव्ह कॉथन इंग्लंडात आला आणि १९८५ मध्ये त्याच एप्समला स्लिप अँकर या घोड्याला सुरुवातीपासून पुढे ठेवून सात लेंथने डर्बी घेऊन गेला. तेव्हाही मागचे बघतच राहिले. पस्तीस वर्षांनी त्याच मैदानावर तोच धडा पुन्हा! यावर चीड येणार नाही तर काय होईल?

मानसी_टोकियो

नमस्कार. मी धागे नुसतेच वाचते, पण इथे लिहिल्याशिवाय राहवलं नाही. जपानमध्ये या प्रकाराला "ओनिगे" म्हणतात, म्हणजे मोठी पळ काढणं. इथले प्रेक्षक त्यासाठी जीव टाकतात.

३० ऑक्टोबर २०२२ ला मी टोकियोजवळच्या फुचूच्या रेसकोर्सवर होते. तेन्नो शो ही मोठी रेस, २००० मीटर. पांथालासा हा घोडा, वर युताका योशिदा. समोरच्या सरळ पट्ट्यावर तो इतका पुढे होता की मोठ्या पडद्यावर बाकीचे त्याच्यासोबत एका चौकटीत मावेनात. समालोचकाने १००० मीटरची वेळ सांगितली: ५७.४ सेकंद. माझ्या शेजारच्या आजोबांनी पेपरची गुंडाळी गुडघ्यावर आपटली आणि हात तोंडावर ठेवून बसले. मला तेव्हा कळलं नाही, मैत्रिणीने नंतर सांगितलं. १९९८ मध्ये याच मैदानावर, याच रेसमध्ये सायलेन्स सुझुका अगदी याच वेळेत, ५७.४ मध्ये, १००० मीटर पळाला होता आणि चौथ्या वळणाआधी पाय मोडून थांबला होता. त्याच्यावर युताका ताके होता. त्या घोड्याला वाचवता आलं नाही. चोवीस वर्षांनी तोच आकडा कानावर पडल्यावर सगळा स्टँड क्षणभर गप्प झाला.

पांथालासा सरळ पट्टीला लागला तेव्हा पंधराएक लेंथ पुढे होता. फुचूची ती पट्टी सव्वापाचशे मीटरची आहे. मागून जॉकी क्रिस्तोफ लमेर एक्विनॉक्स या घोड्याला घेऊन निघाला, शेवटचे ६०० मीटर ३२.७ सेकंदांत, आणि एका लेंथने जिंकला. तो फेव्हरिट होता, तीन वर्षांचा. लमेर घाबरून लवकर उठला असता तर ते ३२.७ त्याच्या घोड्याकडे शिल्लक राहिले असते का? म्हणून मी कोरेगावकरांच्या बाजूने.

फर्लांग

मानसीताई, सुंदर लिहिलंत, पेपरची गुंडाळी डोळ्यांसमोर आली. पण २००९ चा क्वीन एलिझाबेथ कप आठवतो का? तोही जपानचाच.

मानसी_टोकियो

आठवतो म्हणजे काय, इथे अजून लोक त्या नावाने हळहळतात. क्योतो, २२०० मीटर. क्वीन स्पुमांते आणि तेइएम प्रीक्योर या दोन घोड्या पुढे निघून गेल्या. अकराव्या आणि बाराव्या पसंतीच्या. फेव्हरिट ब्यूना व्हिस्टा मागे. अंतर खूप, पण १००० मीटरची वेळ ६०.५! म्हणजे दोघी जवळजवळ फिरायला निघाल्यासारख्या पळत होत्या. मागच्या सगळ्यांनी त्या जोरात पळताहेत असं समजून सोडून दिलं. ब्यूना व्हिस्टाने शेवटचे ६०० मीटर ३२.९ मध्ये काढले, तरी तिसरी. दोघी राहिल्याच पुढे.

हो, हे उदाहरण तुमच्या बाजूचं आहे. प्रामाणिकपणे सांगते.

आकडेमोड

दोन्ही बाजूंनी लेंथ-लेंथ चाललंय म्हणून हिशेब मांडतो. इंग्लंडमध्ये एका सेकंदाला साधारण पाच-सहा लेंथ धरतात, जमीन कशी आहे त्यावर. म्हणजे दहा-बारा लेंथ म्हणजे फक्त दोन सेकंद. दीड मैलाच्या रेसमध्ये दोन सेकंद! ऐकायला किती किरकोळ आणि दिसायला केवढं.

५७.४ आणि ६०.५ मध्ये फरक ३.१ सेकंद. क्योतोची रेस २०० मीटर लांब, म्हणून वेग थोडा कमी असणार हे धरलं तरी हे अंतर फार आहे. मानसीताईंच्या दोन रेस शेजारी ठेवल्या की फर्लांग यांचा मुद्दा सिद्ध होतो: पडद्यावर दोन्ही सारख्या दिसतात, घड्याळात नाही.

एक गोष्ट मात्र कोणी बोललं नाही. एप्समची जमीन. तिथे सुरुवातीचा जवळजवळ निम्मा कोर्स चढाचा आहे, मग उतार, उतारावरच टॅटनहॅम कॉर्नरचं डावं वळण, पुढे साडेतीन फर्लांगांची सरळ पट्टी आणि तीही आतल्या कठड्याकडे कललेली. चढावर सावकाश घेऊन उतारावर सोडून दिलेला घोडा फुकटात अंतर मिळवतो. उतारावर पाठलाग करणं सगळ्यात अवघड, तोल जातो. म्हणजे मॅकनमारा उतारावर लागला त्याच्या आधीच मागच्यांनी निर्णय घ्यायला हवा होता.

माजी रायडर

मी रेस जॉकी नव्हतो. पुण्यात सहा वर्षं सकाळची ट्रॅकवर्क केली, म्हणून खोगिरावरून कसं दिसतं ते सांगू शकतो. सगळे स्टँडमधून दिसतं तसं लिहिताय.

सकाळी ट्रेनर सांगायचे, "आज ६०० मीटर ४० सेकंदांत." हातात घड्याळ नाही. आकडे मनात मोजायचे, खांब सरकताना बघायचे. पहिलं वर्षभर मी ३७ मध्ये यायचो आणि मला वाटायचं ४० झाले. घोडा ताजा असला की वेग कमी वाटतो, दमला की जास्त वाटतो. ट्रेनर एक अक्षर न बोलता स्टॉपवॉच माझ्यापुढे धरायचे. दुसऱ्या वर्षी अंदाज बसला. एकटा पळताना बसला. आता पंधरा घोड्यांच्या मधोमध, तोंडावर माती उडतेय, गॉगलवर थर, समोरच्या घोड्याची शेपटी आणि रायडरचा पार्श्वभाग एवढंच दिसतं. दहा लेंथ पुढचा घोडा दिसतोच असं नाही. दिसला तरी तो सावकाश आहे की जोरात हे तुमचा घोडा सांगतो. तुमचा लगाम ओढत असेल, मान वर करत असेल, तर झुंड सावकाश आहे. तेवढं मात्र हातांना लगेच कळतं.

म्हणून माझं मत मधलं आहे आणि ते दोघांना आवडणार नाही. पहिल्या सहा फर्लांगांत मूर, डेट्टोरींचा दोष नाही. पण त्यांच्या घोड्यांनी हातांत ओढ दिली असेल तर त्यांना कळलं असणार की झुंड सावकाश आहे. कळून थांबले असतील तर मग कोरेगावकर म्हणतात तेच कारण. कोणालाच पहिलं उठायचं नव्हतं.

आणखी एक. मालक आणि ट्रेनरचा हुकूम. घोडा मागे दाबून ठेव, शेवटी सोड, असा हुकूम असेल आणि तुम्ही मोडून सहा फर्लांग आधी उठलात आणि हरलात, तर पुढच्या आठवड्यात तो घोडा तुम्हाला मिळत नाही. हुकूम पाळून हरलात तर मिळतो.

कोरेगावकर

रायडर साहेब, शेवटचा परिच्छेद लाखमोलाचा. हेच म्हणायचं होतं, मला शब्द सापडत नव्हते. आणि सर्पेंटाइन नंतर कुठे गेला? सप्टेंबरात ग्रां प्री द पारीला तो चौथा, आणि जिंकला कोण? मोगल! म्हणजे एप्समला मूरच्या हाताखाली चांगला घोडा होताच. डर्बीच्या दिवशी नशीब आणि मॅकनमाराचं धाडस जिंकलं.

फर्लांग

मोगल चांगला होता, हेच तर माझं दुखणं आहे! चांगला घोडा हाताखाली असून सहावा आला, आणि तुम्ही त्याला नशीब म्हणता.

रायडर साहेबांचं हातातल्या ओढीबद्दलचं मान्य. सहा फर्लांगांपर्यंत दोष नाही, हेही मान्य करतो, वर मी सगळ्यांना एका दमात झोपलेले म्हटलं ते जास्त झालं. पण "कोणीच पहिलं उठत नाही" हे पटत नाही, कारण एक जॉकी पहिल्यापासून जवळ बसला होता. टॉम मारक्वांड. डर्बीआधी इंग्लिश किंगवरून त्याला उतरवून डेट्टोरीला बसवलं होतं. त्याच्या वाट्याला आला खलिफा सॅट, ५० ला १ चा. त्याने तो घोडा पुढच्या तिघांत ठेवला, झुंडीत अडकवला नाही, आणि दुसरा आला. इंग्लिश किंग पाचवा. कमी दर्जाचा घोडा घेऊन सरस घोड्याच्या पुढे.

माजी रायडर

मारक्वांडचं बरोबर. पण त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, ५० ला १ चा घोडा. मूरकडे होतं. आज रात्री रेस पुन्हा बघतो, उताराला लागण्याआधी मोगलची मान कुठे आहे ते थांबवून थांबवून. उद्या सांगतो.