शब्दचर्चा : वीजवाहिनीची ‘उपलब्धता’ आणि ‘विश्वासार्हता’ एकच का?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या इलेक्ट्रिकलच्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय, ट्रान्समिशन लाइनची रिलायबिलिटी मोजायची कशी आणि वाढवायची कशी. ट्रान्समिशनला पारेषण ठीक आहे, महापारेषणमुळं तो शब्द लोकांच्या कानावर आहे. अडतंय ते रिलायबिलिटीपाशी. कुठं विश्वासार्हता छापतात, कुठं उपलब्धता, आणि दोन्ही एकाच अर्थानं. मला हे पटत नाही. फील्डवर काय म्हणता ते सांगा, बोलीतलं असलं तरी चालेल.

जुना ऑपरेटर (कराड)
सर, दोन्ही एक नाहीत, एक करूच नका. उपलब्धता म्हणजे वर्षाच्या ८७६० तासांपैकी लाइन किती तास चार्ज, म्हणजे चालू होती. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांत एसी लाइनला ९८ टक्के धरलेत, त्याखाली गेली की कंपनीला पूर्ण खर्च वसूल करता येत नाही. आता ९८ म्हटलं की पोरांना डिस्टिंक्शन वाटतं, पण उरलेले २ टक्के म्हणजे १७५ तास होतात, सात दिवसांपेक्षा जास्त.

आणि दुसरी बाजू बघा. एखादी लाइन वर्षात दहा वेळा ट्रिप झाली, म्हणजे आपोआप उडून बंद पडली, आणि दरवेळी मिनिटाभरात परत घेतली, तर एकूण गेली दहा मिनिटं, उपलब्धता ९९.९९८ टक्के. कागदावर एक नंबर. पण त्या लाइनवर भरवसा ठेवाल का? मी तरी नाही ठेवणार, दहा वेळा उडणाऱ्या लाइनीत कुठंतरी दुखणं असतंय, ढिला जंप, म्हणजे तारेचा जोड म्हणा, चिरलेला इन्सुलेटर म्हणा, नाहीतर टॉवरचं अर्थिंग गेलेलं.

म्हणून आयोगानं त्यात पाचर मारून ठेवलीय. वर्षाला दोन ट्रिपिंग माफ, पुढच्या प्रत्येकाला १२ तास जास्तीचे बंद धरायचे. वरच्या लाइनीला आठ गुणिले बारा, ९६ तास, म्हणजे ९९.९९८ वरनं थेट ९८.९ वर. उपलब्धतेच्या आकड्यात विश्वासार्हता अशी मागच्या दारानं आणलीय. पोरांना हे गणित फळ्यावर करून दाखवा, शब्दांतला फरक आपोआप कळंल.

मागवाला (विटा)
काका एकदम बरोबर बोलला. आमच्या पॉवरलूमला लाइट किती वेळ गेली त्यापेक्षा कितीदा गेली याचा त्रास जास्त, नुसता झटका आला तरी सगळे माग थांबणार, धागे तुटलेले जोडत बसायचं, कापडावर पट्टा उमटतो तो वेगळाच. पाव्हण्यांचं तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, त्यांना मिनिटभराचं काहीच नाही, थंडावा टिकून राहतो, पण तेच आठ-दहा तास गेली की जीव टांगणीला. दोघांची तक्रार लाइटीचीच पण मोजायची पट्टी वेगळी.

कृष्णाकाठ (सांगली)
दादा, हेच तर सैफी आणि सैडी. सैफी म्हणजे एका ग्राहकाची वीज वर्षात सरासरी कितीदा गेली, सैडी म्हणजे सरासरी एकूण किती मिनिटं गेली. सैडीला सैफीनं भागलं की एकदा गेली तर यायला किती वेळ लागतो ते कळतं. मी मराठीत खंडसंख्या आणि खंडकाळ असं लिहायचं म्हणतोय.

जुना ऑपरेटर (कराड)
चांगले आहेत दोन्ही. फक्त एक लिहा, हे आकडे ग्राहकाच्या मीटरपाशी मोजायचे, म्हणजे वितरणाचे. पारेषणात एक लाइन गेली तरी ग्राहकाला कळताच कामा नये, दुसऱ्या वाटेनं वीज यायला पाहिजे. त्याला आम्ही एन मायनस वन म्हणतो. मराठीत ‘एक गेलं तरी चालंल’ असं सरळ लिहा, उगाच जड शब्द घडवू नका.

सातारकर
भारनियमन यात धरायचं का? आमच्याकडं गावात कशानंही लाइट गेली तरी ‘लोडशेडिंग झालं’ म्हणतात.

जुना ऑपरेटर (कराड)
ताई, भारनियमन म्हणजे वीजच कमी पडली म्हणून ठरवून बंद. तो पुरेपणाचा प्रश्न. तुमच्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या वारा पडला की थांबतात, अशा वेळी कोयनेसारखं पाणी सोडलं की लगेच चालू होणारं केंद्र कामी येतं, १९६० मेगावॅटचं आहे ते. लाइन धडधाकट असून वीज नसणं आणि वीज असून लाइन उडणं, यांना वेगळे शब्द पाहिजेतच.

आता खरं महत्त्वाचं, रिलेचं. रिले म्हणजे लाइनीवर फॉल्ट, म्हणजे बिघाड, आला की तो ओळखून लाइन उडवणारं यंत्र. रिले कामाचा कधी? फॉल्ट आला की उडालाच पाहिजे, आणि फॉल्ट नसताना उडता कामा नये. इंग्रजीत दोन्हींना वेगळी नावं आहेत, मराठीत मात्र सगळं विश्वासार्हतेत कोंबतात. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, सेटिंग फार हळवं केलं की उगाच मारतो, फार सैल केलं की खरा फॉल्ट चुकवतो. ३० जुलै २०१२ ला बीना-ग्वाल्हेर ४०० केव्हीची एक सर्किट कामासाठी बंद होती, दुसरीवर लोड चढला आणि रिलेच्या तिसऱ्या झोननं, म्हणजे लांबवरचा फॉल्ट बघणाऱ्या टप्प्यानं, तो लोडच फॉल्ट समजला. लाइनीवर फॉल्ट नव्हता. सगळी उत्तर ग्रीड बसली, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही गेल्या. तवा मी टिपणात असं लिहीन, रिले ‘चुकार’ नको आणि ‘उतावळा’ पण नको.

कृष्णाकाठ (सांगली)
चुकार आणि उतावळा, वा काका, हे दोन्ही घेतले. आता सुधारणेच्या भागात काय काय घालू?

जुना ऑपरेटर (कराड)
ऑटो रिक्लोज आधी घाला. ओव्हरहेड लाइनीवरचे बहुतेक फॉल्ट क्षणाचे असतात, वीज पडली, पक्षी मधे आला, सेकंदभर उघडून परत जोडलं की लाइन चालू. मग थर्मोव्हिजन कॅमेरा, गरम होणारा क्लॅम्प तुटायच्या आधी दिसतो. आणि हॉटलाइन गँग, शटडाऊन न घेता चालू लाइनीवर इन्सुलेटर बदलतात. याचं मोल लई, कारण शटडाऊन घेतलं की तास मोजले जातात म्हणून मेंटेनन्स पुढं ढकलायचा मोह होतो, आकडा चांगला राहतो आणि लाइन आतनं खराब होत जाते.

आपल्या भागातलं एक घालाच सर. ऊस तुटून गेला की लाइनीखाली पाचट पेटवत्यात. जाळ आणि धूर तारांपर्यंत गेला की मधल्या हवेतनं करंट उडी मारतो आणि २२० केव्हीची लाइन ट्रिप होते, आणि तिथं उभ्या माणसाच्या जिवालाबी धोका. पाचट कुजवा, जाळू नका, हे शेतीवाले सांगतातच, वीजवाल्यांनी पण सांगितलं पाहिजे.

मागवाला (विटा)
सर, टिपण झालं की इथं टाका. आमच्या फीडरची खंडसंख्या आम्हीच वहीत लिहायला सुरू करतो, तारीख, गेलेली वेळ, आलेली वेळ. अजून काय लिहायचं काका?

जुना ऑपरेटर (कराड)
तेवढं बास. फक्त झटका आणि बंद वेगळ्या रकान्यात लिहा.